विमानतळ, जो पाण्यात विरघळला

मागच्या महिन्यात भाग आला नाही, त्याचं कारण माझे बूट. ते अजून वाळतायत.

झालं असं, की फ्लोरिडाला मित्राकडे गेलो होतो. तो म्हणाला, "बीच काय, सगळेच बघतात. तुला पाण्यातून चालवतो, चल." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बिग सायप्रसच्या दलदलीत मांडीभर पाण्यात उभे, हातात एकेक काठी.

काठी मगरींसाठी नाही बरं का. खाली चुनखडीचा खडक आहे आणि त्याला मध्येच खड्डे. आधी टोचून बघायचं, मग पाऊल. मी एकदा विसरलो आणि थेट कमरेपर्यंत आत! मित्राने बॅग धरून ओढलं, वर शिव्याही घातल्या.

लांबून सायप्रसची झाडी टेकडीसारखी दिसते. पण तिथे टेकडी नसतेच, उलट खळगा असतो. मध्ये पाणी आणि गाळ जास्त, म्हणून मधली झाडं सगळ्यात उंच.

या झाडीने माणसं लपवलीत. अमेरिकन सैन्याने सेमिनोल लोकांना धरून धरून पश्चिमेला पाठवलं. १८५८ मध्ये तिसरं सेमिनोल युद्ध संपलं, तेव्हा फ्लोरिडात त्यांची जेमतेम काही शे माणसं उरली होती, अशाच दलदलींच्या आडोशाने. त्यांनी शांततेचा करार कधी केलाच नाही. आपल्याकडे फौजांना सह्याद्रीचा चढ आडवा यायचा, इथे चिखल आला.

एवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. मित्र म्हणाला, "तुला माहितीये, आपण जगातल्या सगळ्यात मोठ्या विमानतळाच्या शेजारी उभे आहोत?"

आता आजची खरी गोष्ट. १९६८ मध्ये इथे बांधकाम सुरू झालं. सुमारे शंभर चौरस किलोमीटर जागा, सहा धावपट्ट्या. आवाजापेक्षा वेगाने उडणारी विमानं येणार, त्यांना लोकवस्तीपासून लांब जागा हवी, असा हिशोब. दलदल म्हणजे रिकामी जागा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

विरोध कोणी केला? पक्षीप्रेमींनी केला, ते अपेक्षितच. मार्जोरी स्टोनमन डग्लस या लेखिकेने १९६९ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यासाठी संघटना काढली. पण शिकारीही विरोधात उतरले! मला हे फार आवडतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका बाजूला. त्याच वर्षी लूना लिओपोल्ड या शास्त्रज्ञाच्या सरकारी अहवालाने स्पष्ट सांगितलं, की या विमानतळाने दक्षिण फ्लोरिडाची निसर्गव्यवस्था नष्ट होईल. १९७० च्या जानेवारीत निक्सन सरकारने काम थांबवलं. तोवर एकच धावपट्टी झाली होती, जवळपास सव्वातीन किलोमीटरची. ती अजून आहे. १९७४ मध्ये जंगलाला संरक्षण मिळालं, आणि शिकाऱ्यांचे, सेमिनोल व मिकोसुकींचे पूर्वापार हक्कही कायद्यात राखले.

मी खूश होऊन म्हटलं, "बघ, जिंकले ना लोक!"

तो काही बोलला नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गडी उलव्याकडचा. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यातलं एक याचं. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. तो इंजिनियरिंगला असताना हे सगळं घडलं.

"विमानतळ नको असं नाही रे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "मीसुद्धा आता तिथेच उतरणार, घर जवळ पडेल म्हणून. घर म्हणजे नवीन घर. जुन्या अंगणातून खाडी दिसायची."

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही काठ्या टोचत चालत राहिलो.

रस्त्याला लागल्यावर रेंज आली, तसा त्याने आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झालेली. याने कॅमेरा पाण्याकडे फिरवला. आजीने डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "निवट्या मिळतात का रे तिथं?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि तिला काठावर पहुडलेली मगर दाखवायला लागला.