फॅनची तळटीप आणि लुईझ ब्रूक्स

परवा सरांनी माझ्या प्रकरणातल्या एका तळटीपेभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'फॅन क्लब?' तळटीप टॉमस ग्लॅडिश यांच्या कामाची होती. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

लुईझ ब्रूक्स (१९०६–१९८५) म्हणजे काळ्याभोर बॉबकटवाली, पाब्स्टच्या 'पँडोराज बॉक्स'मधली (१९२९) लुलू. 'द कॅनरी मर्डर केस' आधी मूकपट म्हणून चित्रित झाला होता. त्याला आवाज द्यायला पॅरामाउंटने बोलावलं, तर बाईंनी साफ नकार दिला. मग तिच्या तोंडी मार्गारेट लिव्हिंगस्टनचा आवाज घातला गेला. १९३८ नंतर ती पडद्यावर दिसलीच नाही. पुढे न्यूयॉर्कच्या सॅक्स दुकानात विक्रेती होती. पन्नाशीच्या दशकात जेम्स कार्ड यांनी तिला शोधून काढलं, १९७९ साली केनेथ टायनन यांचा लेख आला, आणि जग पुन्हा तिच्याकडे वळलं.

ग्लॅडिश या साखळीत उशिरा येतात. १९९५ साली, इंटरनेट नवखं असताना, त्यांनी 'लुईझ ब्रूक्स सोसायटी' काढली. नाव फॅन क्लबसारखं, मान्य! पण काम बघा: जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, परीक्षणं, कुठल्या गावात कुठला सिनेमा कधी लागला याच्या नोंदी. मूकपटाची रिळं गेली की उरतो तो कागदच. प्रेक्षकांचा इतिहास लिहिणाऱ्या माझ्यासारखीला दुसरं काय हाताशी असतं?

'नाऊ वी आर इन द एअर' (१९२७) हरवलाच असं सगळे धरून चालले होते. मग प्रागच्या संग्रहात त्याचा सुमारे २३ मिनिटांचा तुकडा सापडला, तोही चेक पाट्यांसकट. २०१७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोत दाखवला गेला आणि ग्लॅडिश यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. बाकीचा सिनेमा कसा होता, हे आता अशा कागदांवरूनच जुळवायचं.

एक सावधगिरी मात्र हवी. हा सिनेमा मुळात वॉलेस बिअरी आणि रेमंड हॅटन या विनोदी जोडीचा. आज आपण तो 'ब्रूक्सचा' म्हणतो, ते नंतरच्या प्रेमामुळे. १९२७ चा प्रेक्षक कोणासाठी तिकीट काढत होता, हा माझा प्रश्न आहे आणि तिथे चाहत्याची नजर चकवू शकते.

तळटीप मी काढली नाही. तिच्याखाली मूळ वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान जोडलं. प्रकरण पुन्हा सरांच्या टेबलावर आहे.