कार्ले येथील चैत्यगृह : दानलेख आणि शिल्पांचे कर्तृत्व

पश्चिम भारतातील लेण्यांचा विचार करताना 'हे लेणे कोणत्या राजाने खोदविले?' हा प्रश्न सवयीने प्रथम विचारला जातो. लेणी राजवंशांच्या खाती जमा करण्याची पाठ्यपुस्तकांची रीतच आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील कार्ले चैत्यगृहापुरता तरी हा प्रश्न चुकीच्या जागेवरून सुरू होतो. सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद अशा या चैत्यगृहातील ब्राह्मी दानलेख वेगळेच चित्र उभे करतात.

वैजयंती म्हणजे बनवासी येथील भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे एक लेख अभिमानाने नोंदवितो. परंतु संपूर्ण वास्तूचे श्रेय एकट्या भूतपालाला देता येत नाही. दर्शनी भागातील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा आहे, तर आतील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील रहिवाशांनी दिले असून त्यांत स्वतःस यवन म्हणविणारेही आहेत. (धेनुकाकट नेमके कोठे, यावर विद्वानांचे एकमत नाही, दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले.) सोपारा येथील सातिमित नावाच्या भाणकाने तर अस्थिधातूसह स्तंभ दान केला. स्तंभागणिक दाता बदलतो.

द्वाराशी संबंधित दोन लेख विशेष बोलके आहेत. एक सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा आहे, तर दुसऱ्यात वेणुवासाचा पुत्र सामी हा स्वतःस 'वढकी' म्हणजे सुतार म्हणवितो. दगडातील द्वाराचे काम सुताराच्या नावे नोंदले जावे, यात नवल नाही. छताच्या कमानीखालील लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही तेथे आहे. लाकूडकामाची परंपराच येथे पाषाणात उतरली, हे त्यावरून उघड होते.

राजसत्तेचा उल्लेख येतो तो प्रामुख्याने भूमिदानाच्या संदर्भात. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने वलूरक लेण्यातील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले; पुढे सातवाहनांनीही ते भिक्षूंकडे ठेवले. या लेखांवरून राजाश्रय सिद्ध होतो, राजकर्तृत्व नव्हे.

दर्शनी भिंतीवरील भव्य स्त्री-पुरुष युगुले ही कार्ल्याची खरी कीर्ती. त्यांना दात्यांची व्यक्तिचित्रे मानण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मात्र भद्रसम नावाच्या भिक्षूने दिलेल्या दानाचे वर्णन त्याच्या लेखात 'मिथुन' असे आहे. संसारत्याग केलेल्या भिक्षूचे ते आत्मचित्र असणे संभवत नाही. मांगल्याचे प्रतीक म्हणूनच ते दिले गेले असावे. याच भिंतीवर काही शतकांनंतर, महायान प्रभावाच्या काळात, बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. मिथुनांच्या मधल्या जागा त्यांसाठी वापरल्या गेल्या. मिथुने मात्र जागेवरच राहिली.