निम्नस्तरीय प्रोग्रॅमिंग : नागपूर व मोफत साधने
प्रोसेसरचे रजिस्टर, स्मृती आणि इंटरप्ट थेट हाताळणारे प्रोग्रॅमलेखन. नागपूरचे यशवंत कानेटकर ‘लेट अस सी’ या सी भाषेवरील पुस्तकामुळे देशभर परिचित झाले, पण या विषयात त्यांचे ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’ अधिक मोलाचे. डॉस या जुन्या कार्यप्रणालीत स्मृतीत ठाण मांडून बसणारे आणि कळ दाबताच जागे होणारे प्रोग्रॅम कसे लिहावेत, हे त्यात आहे. ही पुस्तके विकतची. सरावाची साधने मात्र आज मोफत मिळतात. ‘जीएनयूसिम८०८५’ हा मुक्त सिम्युलेटर १९७६ च्या इंटेल ८०८५ प्रोसेसरची एकेक आज्ञा चालवून रजिस्टर व फ्लॅग कसे बदलतात ते दाखवतो. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. प्रयोगशाळेतल्या ८०८५ च्या किटवर हेक्स आकडे भरताना हे बदल एकत्र नजरेस पडत नाहीत. जुन्या डॉस प्रोग्रॅमांसाठी डॉसबॉक्स, व्याख्यानांसाठी एनपीटेल हे संकेतस्थळ.