शोध कुठून, थांबा कुठे : ब्लॅकच्या एका नियमावर भाष्य

ब्लॅक हे पायथनचा कोड एका वळणाने मांडून देणारे साधन. लुकाश लांगा यांनी ते 2018 मध्ये पुढे आणले. मोकळीक थोडीच. ओळ 88 अक्षरांची. ती बदलायची तर 'पायप्रोजेक्ट.टॉमल' या कॉन्फिग फाइलीत लिहायचे. ही फाइल ब्लॅकला कशी सापडते, एवढाच येथे विषय.

सेवाग्राम-वर्ध्याकडे गटाने प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्या, उदाहरण एकच धर. 'वर्धा' नावाचा गिट रेपो. त्यात 'आर्वी' आणि 'हिंगणघाट' हे दोन फोल्डर, दोन्हींत कापसाच्या आवकेचा हिशेब करणारा कोड. वर्धा फोल्डरातल्या फाइलीत ओळ 100 लिहिली आहे. आर्वीने स्वतःची फाइल ठेवून 79 लिहिली आहे. हिंगणघाटात फाइल नाही. आता नियम वाक्यावाक्याने घेऊ.

कमांडमध्ये दिलेल्या सर्व फाइली व फोल्डर यांच्या सामाईक मूळ फोल्डरापासून शोध सुरू होतो.

सामाईक मूळ म्हणजे दिलेल्या सगळ्यांना पोटात घेणारा सर्वांत आतला फोल्डर. एकच फोल्डर दिला तर तोच मूळ. एकच फाइल दिली तर ती ज्यात आहे तो.

'प्रत्येक फाइलीसाठी वेगळा शोध' असा अर्थ पुष्कळांच्या मनात असतो, कारण प्रीटियर हे अशाच प्रकारचे दुसरे साधन खरोखर तसे करते. येथे 'सर्व' हा शब्द तो अर्थ टिकू देत नाही. याचा अर्थ, एका कमांडला एकच कॉन्फिग. फक्त आर्वीवर ब्लॅक चालवला तर ओळ 79. आर्वी आणि हिंगणघाट एकदम दिले तर सामाईक मूळ वर्धा, आणि ओळ 100. आर्वीची फाइल जागेवरच असते, पण शोध वर जातो, खाली उतरत नाही. म्हणून ती वाचली जात नाही. म्हणजे फाइल तीच, कोड तोच, तरी कमांड कशी दिली यावर मांडणी ठरते. एकाने आपल्यापुरता फोल्डर चालवला, दुसऱ्याने सगळा रेपो, की गिटमध्ये त्याच ओळी पुन्हा पुन्हा बदललेल्या दिसतात. आर्वीची वेगळी फाइल काढून टाकावी, हे माझे स्पष्ट मत.

तेथे न सापडल्यास वरच्या फोल्डरांत पाहिले जाते.

'न सापडल्यास' हे वाटते तितके सोपे नाही. पायप्रोजेक्ट.टॉमल ही एकट्या ब्लॅकची फाइल नव्हे. 2016 च्या पेप 518 या पायथनच्या प्रस्तावाने ती पॅकेज बांधण्यासाठी आणली, नंतर इतर साधनेही तिच्यात राहू लागली. 24.2.0 आवृत्तीपासून जिच्यात 'टूल.ब्लॅक' हा भाग नाही, ती फाइल सापडली असे ब्लॅक मानत नाही; पुढे वर जातो. जुनी आवृत्ती तिथेच थांबे आणि 88 धरे. गटात सगळ्यांची आवृत्ती एकच हवी, ती यासाठी.

फाइल, .गिट, .एचजी किंवा फाइल सिस्टिमचे टोक, यांपैकी जे आधी येईल तेथे शोध थांबतो.

.एचजी म्हणजे मर्क्युरियल या गिटसारख्या साधनाची खूण. 'थांबतो' याचा अर्थ .गिट असलेल्या फोल्डरातली कॉन्फिग वाचली जात नाही, असा कोणी घेईल. तो चूक. .गिट प्रोजेक्टची हद्द दाखवते आणि हद्दीवरचा फोल्डर हद्दीच्या आतच धरला जातो. त्याच्या वरचे मात्र वगळले जाते. म्हणजे होम फोल्डरात कुठे पडून राहिलेली फाइल रेपोत शिरत नाही. यातून न बोललेली गोष्टही निघते: हिंगणघाट हे सबमॉड्यूल असेल आणि ब्लॅक फक्त त्यावर चालवला, तर तिथे .गिट फाइलीच्या रूपात असते, तीही हद्दच, आणि वर्ध्याचे 100 तिथे लागू होत नाहीत.

प्रोजेक्टची फाइल नसेल तर वापरकर्त्याची स्वतःची कॉन्फिग घेतली जाते.

लिनक्सवर ती सहसा होममधल्या '.कॉन्फिग' फोल्डरात 'ब्लॅक' नावाने असते. 'नसेल तर' हे शब्द काटेकोर आहेत: दोन्ही फाइली एकत्र केल्या जात नाहीत. मित्राच्या संगणकावर तुझी फाइल नसते, म्हणून गटाच्या कामात हिच्यावर विसंबू नकोस.

कमांडमध्येच कॉन्फिगचा पत्ता दिला तर हा सगळा शोध होतच नाही. आणि आपले वाचन बरोबर की नाही हे तपासायचे असेल तर '-व्ही' लावून चालव. कोणता फोल्डर मूळ धरला आणि कशावरून, हे ब्लॅक स्वतःच लिहून दाखवतो.