द्वारकेहून घारापुरी

पहाटेचे साडेपाच. तुम्ही नाशिकच्या द्वारका चौकात, उड्डाणपुलाखाली उभे आहात. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात घरून बांधून आणलेली शिदोरी: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि जानेवारी आहे म्हणून द्राक्षांचा एक घड. मुंबई, पुणे, धुळे अशा हाका चहूकडून चालल्या आहेत. नाशिकरोडची शेअर रिक्षा भरत आली आहे, एकच सीट बाकी.

बेत सरळ आहे. नाशिकरोडहून सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस, अकराच्या आत सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे आणि मग लाँचने तासाभरात घारापुरी. वर लेणी बघायची, खाली बेटावरच्याच एखाद्या बाईच्या हातचे तळलेले बोंबील आणि भात जेवायचं आणि साडेतीनच्या आत परतीच्या लाँचमध्ये बसायचं, कारण परतीची पंचवटी सहा वाजून गेले की सुटतेच.

रिक्षात बसा, पण मनाने आज उलट चाला. बेट जसजसं जवळ येईल तसतसा काळ मागे जाऊ द्या. आणि प्रत्येक मुक्कामावर शिदोरीची गाठ सोडून आत पाहा.

पहिला मुक्काम 1890. डोक्यावरचा पूल गेला. आग्रा रोडची धूळ आहे, बैलगाड्यांची रांग आहे, पहाटेच्या थंडीत बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघते आहे. तुम्ही जुन्या गावाकडे वळता, मेन रोडवर येता. तिथे घोड्यांची ट्राम उभी आहे. गेल्याच वर्षी, 1889 मध्ये, ती सुरू झाली. मेन रोडपासून थेट नाशिकरोड स्टेशनापर्यंत जाते. रुळांवरून खुरांचा ठेका धरत गावाबाहेर पडताना थंडी अंगाला झोंबते. शिदोरी सोडून पाहता तर द्राक्षं नाहीत. नाशिकची द्राक्षशेती विसाव्या शतकातली. चटणी आणि ठेचा मात्र जागेवर आहेत.

आगगाडी इगतपुरी सोडून थळ घाट उतरू लागते आणि मध्येच थांबते. इथे डोंगराने वळायला जागाच दिलेली नाही, म्हणून इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची उतरण धरते. 1865 साली हा घाट रेल्वेला खुला झाला तेव्हापासूनची ही रीत. बोरीबंदरचं नवं स्टेशन दोन वर्षांपूर्वीच पुरं झालं आहे, दगड अजून कोरा दिसतो. अपोलो बंदरावर पोचता तर समोर मोकळा समुद्र. गेटवेची कमान व्हायला अजून 34 वर्षं आहेत.

शिडाच्या होडीत पाय ठेवलात की आणखी 15 वर्षं मागे. नोव्हेंबर 1875. बेटावर इतका उजेड कशाचा? इंग्लंडचा युवराज एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला आहे आणि त्याच्यासाठी मोठ्या लेण्यात मेजवानी मांडली आहे. खांबांच्या रांगांमधून दिवे, मंडपात टेबलं, पांढऱ्या चादरी, काचेचे पेले. मागच्या भिंतीवर, अर्ध्या अंधारात, सदाशिवाचे तीन मुखवटे. बेट पाहायला यावं आणि चार घास खावेत, हे आपणही करतोच. पण गाभाऱ्यासमोरच्या मंडपात, द्वारपालांच्या पायाशी जेवणावळ मांडणं हा मला या वास्तूचा अपमान वाटतो, आणि पाहुणा राजपुत्र होता म्हणून तो कमी होत नाही. बेटावर आज जेवण मिळतं ते लेण्याबाहेर, धक्क्यापाशी आणि पायऱ्यांच्या वाटेवर. ते तसंच राहावं.

पुढे चला, सोळाव्या शतकात. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालची बेटं पोर्तुगीजांना दिली आहेत. धक्क्याजवळ एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे; त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. आज तो हत्ती भायखळ्याला, जिजामाता उद्यानात, सांधलेल्या अवस्थेत उभा आहे. पण तुम्ही हत्तीकडे पाहू नका. लेण्याच्या दाराशी पाहा. तिथे एक कोरीव शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो भिंतीतून काढला, वाचणारा कोणी मिळतो का ते पाहिलं, कोणी मिळेना, म्हणून त्यांनी तो राजा तिसरा जुआंव याच्याकडे लिस्बनला पाठवला. दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने ही हकीगत लिहून ठेवली आहे.

तो दगड नेणाऱ्या जहाजांची वाट कशी होती ते मनात आणा. आफ्रिकेचं टोक वळसा घालून ओलांडायचं, मग अटलांटिक. त्या अफाट पाण्यात सेंट हेलेना नावाचा एक ठिपका. परतीची पोर्तुगीज जहाजं तिथे गोडं पाणी भरत, ताजी फळं घेत आणि लिस्बनकडे निघत. आपला दगड याच समुद्रातून गेला. लिस्बनला पोचल्यावर त्याचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. लेणं कोणी कोरवलं, कोणत्या साली, कशासाठी, याचं उत्तर त्या दगडावर असण्याची दाट शक्यता होती. ते उत्तर गेलं.

आता शिदोरी सोडा. ठेच्यातली मिरची, चटणीतला शेंगदाणा, इगतपुरीला घेतलेल्या वड्यातला बटाटा हे तिन्ही अटलांटिकच्या पलीकडचे. पोर्तुगीज जहाजांमुळेच ते आपल्याकडे आले. इथून मागे गेलात की ते तुमच्या हातातून जाणार.

मोठी उडी. सहाव्या शतकाचा मध्य. बेटावर पाय ठेवण्याआधीच आवाज ऐकू येतो: छिन्नी, हातोडा, छिन्नी, हातोडा. काळा बसाल्ट वरून खाली कोरत आणला आहे. छत आधी, मग खांबांची शीर्षं, मग मूर्ती, सगळ्यात शेवटी जमीन. म्हणजे वर देवाचा मुकुट झळकतो आहे आणि त्याचे पाय अजून डोंगरात आहेत. हवेत दगडाची भुकटी, कारागिरांच्या भुवया पांढऱ्या. दगडात खोदलेल्या टाक्यात गार पाणी आहे, ओंजळीने प्या.

समोर सदाशिव. सुमारे 18 फूट उंच. तुमच्या डावीकडचा चेहरा उग्र, उजवीकडचा कोमल, हातात कमळ घेतलेला, आणि मधला डोळे मिटून स्वतःत बुडालेला. इथे घाई करू नका. लाँच चुकली तरी चालेल, पण इथे पंधरा मिनिटं उभे राहा. मग थोडं उजवीकडे वळा: गंगाधर. शिवाच्या मस्तकावर गंगा उतरते आहे, पार्वती शेजारी उभी आहे. तुम्ही नाशिकचे. तुमच्या घरात गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही. ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच म्हणतात. या शिल्पापुढे मुंबईकर पाहुणा असेल, तुम्ही नाही.

दुपार झाली. कारागीर हात धुऊन बसले आहेत. नाचणीची भाकरी, भाजलेली मासळी, मिरे आणि आमसुलाचं आंबट. तिखटाला मिरची नाही, चटणीला शेंगदाणा नाही. तुमची शिदोरी आता त्यांच्यासारखीच आहे. खाऊन पाहा, चव साधी नाही. मिऱ्याचा तिखटपणा जिभेवर उशिरा येतो आणि बराच वेळ राहतो.

जेवल्यावर कोणीतरी कमरेच्या कशातून एक लहानसं नाणं काढतं. या बेटावर कृष्णराज नावाच्या राजाची अशी नाणी सापडली आहेत. हा कृष्णराज कलचुरी घराण्याचा, स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हणवणारा. याच कृष्णराजाची चांदीची नाणी आपल्या बागलाणात, देवळाण्यालाही निघाली. त्याचा मुलगा शंकरगण. त्याचा ताम्रपट मिळाला अभोण्याला. कृष्णराजाच्या नातवाचा, बुद्धराजाचा, ताम्रपट मिळाला चांदवडजवळ वडनेरला. हे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी एकत्र संपादून प्रसिद्ध केले, आणि घारापुरीच्या मोठ्या लेण्यामागे कलचुरी असावेत हे मत आज अनेक अभ्यासक मानतात. लेण्याचा स्वतःचा लेख गेल्यामुळे शेवटचा शब्द कोणी देऊ शकत नाही. पण जो पुरावा हाती उरला आहे, त्याचा मोठा वाटा नाशिक जिल्ह्याच्या मातीतून आला आहे. लिस्बनला गेलेल्या दगडाचं उत्तर थोडंफार तरी अभोणा, देवळाणे आणि वडनेर देतात. घारापुरीला जाणाऱ्या नाशिककराला एवढं ठाऊक असलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

परतताना आणखी चार शतकं मागे जा, थेट नाशिकपर्यंत. पांडवलेणी, दहावं लेणं, साधारण 120 साल. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात भिंतीवर आपली दानं कोरवून घेतो आहे. त्यात गोवर्धनात, म्हणजे आपल्या गंगापूरशेजारच्या गोवर्धनात, आणि शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्याला, वाटसरूंसाठी निवारे आहेत. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर फुकट होड्या आहेत. 32 हजार नारळाच्या झाडांचं दान आहे. नाशिकहून समुद्राकडे जाणाऱ्याने कुठे थांबावं, कसं पलीकडे जावं, याची सोय इतकी जुनी आहे, आणि ती द्वारकेपासून अर्ध्या तासावर दगडात वाचता येते.

म्हणून जायच्या आधीच्या रविवारी पांडवलेणी चढून या. आणि पंचवटीचं तिकीट मंगळवारचं काढा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात.