टॅलेंट वृक्ष

इंटरनेटद्वारे हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात एकत्र खेळतात अशा भूमिकाखेळांत, खेळाडूने आपल्या पात्रासाठी निवडावयाच्या विशेष क्षमतांच्या शाखायुक्त मांडणीस ‘टॅलेंट वृक्ष’ असे म्हणतात. योद्धा, जादूगार, पुरोहित इ. वर्गांपैकी पात्राचा वर्ग खेळाच्या आरंभीच ठरतो. तथापि एकाच वर्गातील दोन पात्रे टॅलेंटांच्या निवडीमुळे परस्परांहून अगदी भिन्न होऊ शकतात. ही निवड दोन हेतूंनी केली जाते. संगणकनियंत्रित शत्रूंशी लढावयाचे असल्यास शत्रूची वागणूक ठराविक असल्याने सर्वाधिक हानी करणारी वा सर्वाधिक उपचार करणारी निवड गणिताने काढता येते. प्रतिस्पर्धी मनुष्य असल्यास मात्र तो आपल्या चालीप्रमाणे आपली चाल बदलतो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात, म्हणजे खेळाडू विरुद्ध खेळाडू द्वंद्वात, टॅलेंटांची निवड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय बनला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अमेरिकन खेळात २००४ पासून या पद्धतीची जी स्थित्यंतरे झाली, त्यांत निवडीचे स्वातंत्र्य आणि स्पर्धेतील समता यांमधील ताण विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

पूर्वपीठिका : पात्रांचे वर्ग व पातळ्या ही कल्पना गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या कागद, पेन्सिल व फासे यांनी खेळावयाच्या खेळातून रूढ झाली. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असे, केवळ मजकुरावर चालणारे ‘मड’ हे संगणकीय जग निर्माण केले. बार्टल यांनी पुढे १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. यश मिळविणारे, शोध घेणारे व स्नेहसंबंध जोडणारे यांच्याबरोबरच इतर खेळाडूंवर मात करण्यात रस असणारे, हा चौथा प्रकार त्यांनी मानला. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) या खेळात वर्ग नव्हते. प्रत्येक कौशल्य साधारणतः १०० गुणांपर्यंत वाढविता येई आणि सर्व कौशल्यांची बेरीज ७०० गुणांपुढे जाऊ शकत नसे. खेळाडूंना परस्परांना मारण्याची मुभा असल्याने हे सातशे गुण कसे वाटावेत, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. दुर्बलांचा छळ वाढल्याने २००० मध्ये या खेळाचे जग दुभंगून त्याच्या एका भागात अशा हत्यांना बंदी घालण्यात आली.

वृक्षाच्या आकृतीचा निकटचा पूर्वज म्हणजे ब्लिझार्ड नॉर्थ या संस्थेचा ‘डायब्लो २’ (२०००) हा खेळ होय. त्यात प्रत्येक वर्गास तीन शाखांत विभागलेली तीस कौशल्ये होती. एकदा दिलेला गुण परत घेता येत नसे. चुकलेली निवड सुधारण्याचा मार्ग म्हणजे नवे पात्र आरंभापासून वाढविणे. ही अट तब्बल दहा वर्षांनी, २०१० मध्ये, शिथिल करण्यात आली.

मूळ रचना : ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कॅलिफोर्नियातील संस्थेने २३ नोव्हेंबर २००४ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ प्रसिद्ध केला. त्यात नऊ वर्ग असून प्रत्येकास तीन शाखा होत्या. जादूगारास गूढविद्या, अग्नी व हिम, तर योद्ध्यास शस्त्र, उन्माद व संरक्षण अशा त्या शाखा होत. पात्र दहाव्या पातळीस पोहोचल्यावर प्रत्येक पातळीमागे एक गुण मिळे. साठाव्या म्हणजे तत्कालीन अंतिम पातळीस ५१ गुण होत. प्रत्येक शाखेत सात ओळी होत्या आणि पुढील ओळ खुली होण्यासाठी त्याच शाखेत आणखी पाच गुण खर्च करावे लागत. शाखेचे शेवटचे व सर्वांत प्रभावी टॅलेंट ३१ व्या गुणाने मिळे; पाचव्या ओळीतील महत्त्वाचे टॅलेंट २१ व्या गुणाने मिळे.

या आकड्यांतच या पद्धतीचे मर्म आहे. ३१ आणि २१ यांची बेरीज ५२ होते; खेळाडूजवळ गुण मात्र ५१. म्हणजेच एका शाखेचे टोक गाठणाऱ्यास दुसऱ्या शाखेतील पाचव्या ओळीचे टॅलेंट केवळ एका गुणाने हुकत असे. ते हवे असल्यास पहिल्या शाखेचे टोक सोडावे लागे. २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रूसेड’ या विस्ताराने गुण ६१ झाले, तर शाखेचे टोक ४१ व्या गुणावर गेले. २००८ मध्ये ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्ताराने हेच आकडे अनुक्रमे ७१ व ५१ झाले. दोन्ही वेळी टोक गाठल्यावर वीसच गुण उरत. वृक्ष वाढला, तरी एका गुणाची उणीव कायम राहिली. काहीतरी सोडल्यावाचून काही मिळू नये, हे तत्त्व अशा रीतीने अंकगणितातच गोवलेले होते.

द्वंद्वातील निवड : संगणकीय राक्षसाशी होणारी लढाई अनेक मिनिटे चालते, तेथे प्रत्येक प्रहारात होणारी अल्प वाढही मोलाची ठरते. मानवी प्रतिस्पर्ध्याशी होणारी चकमक पुष्कळदा काही सेकंदांत संपते. तेथे प्रतिस्पर्ध्यास जखडून ठेवणे, त्याच्या तावडीतून सुटणे, त्याचा मंत्र मध्येच तोडणे आणि अल्पावधीत मोठा आघात करणे, या क्षमता अधिक उपयोगी पडतात. याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००४–०६ या काळातील ‘तीन मिनिटांचा जादूगार’. गूढविद्येच्या शाखेतील ३१ व्या गुणाचे टॅलेंट त्याच्या मंत्रांची हानी काही काळ ३० टक्क्यांनी वाढवी. त्याच शाखेतील २१ व्या गुणाचे टॅलेंट पुढील मंत्र तत्काळ फेकू देई. आणि अग्निशाखेतील ११ व्या गुणाने एरवी सहा सेकंद लागणारा प्रचंड अग्निगोलाचा मंत्र मिळे. तिन्ही एकत्र येताच समोरच्यास सावरण्यास अवधी उरत नसे. तथापि पहिली दोन सामर्थ्ये पुन्हा वापरण्यास तीन मिनिटे थांबावे लागे आणि तेवढा काळ हा जादूगार पुष्कळसा निष्प्रभ राही. उलट हिमशाखा निवडणाऱ्याजवळ एवढा आघात नसला, तरी शत्रूला गोठवून दूर राखण्याची व स्वतःभोवती बर्फाचे कवच उभारण्याची शक्ती असे. योद्ध्याच्या शस्त्रशाखेतील ३१ व्या गुणाचा प्रहार प्रतिस्पर्ध्यावर होणारे उपचार निम्म्याने घटवी. राक्षसांविरुद्ध या परिणामाचे महत्त्व थोडे, पण मानवी उपचारकाच्या आश्रयाने लढणाऱ्याविरुद्ध तो निर्णायक ठरे.

अशा निवडींत सार्वकालिक श्रेष्ठ असे काही नसते. दगड, कागद व कात्री यांच्या खेळाप्रमाणे एक निवड दुसरीवर मात करते व तिसरीकडून हरते. बहुसंख्य खेळाडू एकाच निवडीकडे वळले की तिच्यावर उतारा ठरणारी निवड फायदेशीर होते. म्हणून द्वंद्वातील निवड म्हणजे प्रतिस्पर्धी काय निवडतील याविषयीचा अंदाज असतो.

पुनर्निवडीचे मूल्य : २००५ मध्ये द्वंद्वांना संघटित रूप आले. एप्रिलमध्ये चौदा श्रेणींची मानपद्धती सुरू झाली. जूनमध्ये ‘वॉरसाँग गल्च’ व ‘आल्टरॅक व्हॅली’ ही रणक्षेत्रे खुली झाली. श्रेणी दर आठवड्यास इतरांच्या तुलनेत ठरत असल्याने ती टिकविण्यास अखंड खेळावे लागे. त्याच पात्रास राक्षसांच्या मोहिमांतही आपल्या गटाला उपयोगी पडावयाचे असे आणि त्यासाठी लागणारी टॅलेंटे वेगळी असत. सर्व गुण परत घेण्यासाठी खेळातील गुरूला सुवर्णमुद्रा द्याव्या लागत. पहिल्या वेळी एक, नंतर पाच आणि पुढे वाढत जाऊन प्रत्येक वेळी पन्नासपर्यंत हे मूल्य जाई. या खर्चामुळे निवड टिकाऊ राही. खेळाडू आपल्या शाखेच्या नावाने ओळखला जाई. पण उपचारकाची भूमिका पत्करलेल्या पुरोहितास द्वंद्वात असहाय व्हावे लागे, हा त्याचा दुसरा परिणाम होता. एप्रिल २००९ मध्ये एक हजार सुवर्णमुद्रांच्या मोबदल्यात दोन निवडी जपून ठेवण्याची व त्यांत अदलाबदल करण्याची सोय करण्यात आली आणि ही कोंडी फुटली.

आखाडे व अनुकरण : २००७ मध्ये दोन, तीन व पाच खेळाडूंच्या संघांसाठी आखाडे सुरू झाले. संघाचे गुणांकन बुद्धिबळातील ईलो पद्धतीच्या धर्तीवर होई व प्रारंभी प्रत्येक संघास १,५०० गुणांक मिळे [→ बुद्धिबळ]. हंगामाअखेर अग्रभागीच्या ०·५ टक्के संघांना ‘ग्लॅडिएटर’ हा किताब देण्यात येई. यामुळे एकट्या पात्राऐवजी संघातील पात्रांच्या मेळास महत्त्व आले. छुपा हल्लेखोर, जादूगार व पुरोहित हे त्रिकूट विशेष गाजले. त्याच वर्षी ब्लिझार्डने ‘आर्मरी’ ही सार्वजनिक नोंद उपलब्ध करून दिली. तीत कोणत्याही पात्राची टॅलेंटे व शस्त्रास्त्रे पाहता येत. विजेत्यांची निवड सर्वांसमोर उघडी झाल्याने ती जशीच्या तशी उचलण्याची प्रथा दृढ झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये खेळाच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली होती. निवडीचे लक्षावधी पर्याय कागदावर उपलब्ध असूनही यशस्वी पात्रांत मोजक्याच निवडी आढळत.

वृक्षांचे विसर्जन : डिसेंबर २०१० मधील ‘कॅटाक्लिझम’ या विस्ताराने गुण ४१ पर्यंत कमी केले आणि एका शाखेत ३१ गुण पुरे केल्याखेरीज दुसऱ्या शाखेत जाण्यास मनाई केली. दोन शाखांच्या मध्यावर उभी राहणारी मिश्र पात्रे त्यामुळे नाहीशी झाली. सप्टेंबर २०१२ मधील ‘मिस्ट्स ऑफ पंडारिया’ या विस्ताराने वृक्षच काढून टाकले. त्याजागी दर पंधरा पातळ्यांनी तीनपैकी एक टॅलेंट निवडावयाचे, अशा सहा ओळी आल्या. या काळात खेळाच्या नियमरचनेची धुरा ग्रेग स्ट्रीट यांच्याकडे होती. अनेक गुण अनिवार्य टॅलेंटांवरच खर्च होत असल्याने जुन्या वृक्षांतील निवड पुष्कळशी आभासी होती, अशी या बदलामागील भूमिका होती. नव्या ओळींत समान स्वरूपाची टॅलेंटे शेजारी मांडली गेली व लढतीगणिक त्यांत बदल करणे सोपे झाले. तथापि पातळीगणिक एकेक गुण घालून पात्र घडविण्याचा आनंद हरपला, अशी टीकाही झाली.

स्वतंत्र द्वंद्व टॅलेंटे : एकाच टॅलेंटाने राक्षस व मनुष्य या दोहोंविरुद्ध काम करावयाचे असल्याने एका ठिकाणचा समतोल साधताना दुसरीकडचा ढळे. ऑगस्ट २०१६ मधील ‘लीजन’ या विस्ताराने हा प्रश्न मुळापासून सोडविण्याचा प्रयत्न केला. द्वंद्वात मिळविलेल्या मानाने खुली होणारी व फक्त द्वंद्वातच चालणारी टॅलेंटे त्याने वेगळी केली. तसेच आखाड्यांत व रणक्षेत्रांत प्रत्येक शाखेस ठराविक बलमापे देऊन चिलखत व शस्त्रे यांमुळे पडणारा फरक अत्यल्प केला. समता वाढली, पण श्रमाने मिळविलेल्या शस्त्रांचे मोल उरले नाही, असा आक्षेप आला. २०१८ मधील ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ या विस्ताराने ती बलमापे रद्द केली, स्वतंत्र टॅलेंटे मात्र ठेवली. खुल्या जगातील द्वंद्व स्वेच्छेने पत्करणाऱ्यांनाही ती वापरता येऊ लागली.

पुनरागमन : ऑगस्ट २०१९ मध्ये मूळ खेळ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा सुरू करण्यात आला. त्यात ५१ गुणांचे वृक्ष २००६ मधील अंतिम स्वरूपात होते. नियम तेच असले, तरी खेळाडू ते नव्हते. पंधरा वर्षांचे संचित ज्ञान बरोबर घेऊन आलेल्यांना कोणती निवड कशासाठी, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पूर्वी चाचपडत जे शोधले गेले, ते आता पाठांतराने अमलात आले. नोव्हेंबर २०२२ मधील ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्ताराने मुख्य खेळातही वृक्ष परत आणले. ७० व्या पातळीस वर्गाच्या वृक्षासाठी ३१ व शाखेच्या वृक्षासाठी ३० गुण मिळत. बदल करण्यास मूल्य नव्हते आणि संपूर्ण निवड अक्षरांच्या एका ओळीत साठवून दुसऱ्यास देता येई. २०२४ मधील ‘द वॉर विदिन’ या विस्ताराने त्यांत ‘हीरो टॅलेंटां’ची भर घातली.

मूल्यमापन : या दोन दशकांतील फेरबदलांवरून असे दिसते, की टॅलेंटांच्या निवडीचे मोल पर्यायांच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते. निवड बदलणे महाग असते तेव्हा ती पात्राची ओळख बनते; पण अननुभवी खेळाडूस एका चुकीची शिक्षा दीर्घकाळ भोगावी लागते. ती फुकट बदलता येते तेव्हा चुकीची भीती जाते. पण निवडीस वचनाचे बळ उरत नाही आणि अनुकरण सोपे होते. पर्याय घटवून समता आणता येते. मात्र अनपेक्षित मेळ शोधून काढणाऱ्या कल्पक खेळाडूचे क्षेत्र त्याबरोबरच आकुंचन पावते. रचनाकारांनी हे सर्व मार्ग क्रमाने चोखाळले व प्रत्येक वेळी मागे सोडलेल्या गोष्टीचा काही अंश परत आणला. वृक्षाने देता येईल ती सामग्री सर्वांना सारखीच मिळते. तीच टॅलेंटे घेतलेल्या दोन पात्रांपैकी जिंकते ते, ज्याचा खेळाडू समोरच्या मनुष्याची पुढची चाल ओळखतो. या कारणाने, निवडीची अक्षरे हातोहात पोहोचू लागल्यानंतरही द्वंद्वातील प्रावीण्य दुर्मिळच राहिले.