गोळी कोणी झाडली, की बंदूक हातात का आली? टोरंटोकडून शिकायचा एक धडा

"संशोधनाचा प्रश्न नीट मांडलाय की नाही, हे कसं ओळखायचं?" पेटची तयारी करणारे बरेच जण हे विचारतात. व्याख्या सांगण्यापेक्षा एका शहराची गोष्ट सांगतो. शहर आहे कॅनडातलं टोरंटो.

2005 साली तिथे गोळीबारात 52 जण मारले गेले. मरणाऱ्यांत तरुण कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण मोठं होतं. पण शहर खरं हादरलं ते 26 डिसेंबरला. यंग स्ट्रीटवर खरेदीची गर्दी होती, दोन गटांत गोळीबार झाला आणि 15 वर्षांची एक गोरी मुलगी त्यात सापडून मेली. पुढच्याच वर्षी पोलिसांनी 'टॅव्हिस' नावाची मोहीम सुरू केली आणि ठरावीक वस्त्यांमध्ये जादा पथकं उतरवली. इथे प्रश्न होता: गोळी कोणी झाडली?

मे 2007 मध्ये एका शाळेच्या आत 15 वर्षांचाच एक कृष्णवर्णीय मुलगा गोळी लागून मेला. त्यानंतर ऑन्टारिओ सरकारने माजी मुख्य न्यायमूर्ती रॉय मॅकमर्ट्री आणि विधानसभेचे माजी सभापती अल्विन करलिंग यांना वेगळंच काम दिलं: हिंसेची मुळं शोधा. 2008 मध्ये त्यांचा पाच खंडांचा अहवाल आला. त्यांचा प्रश्न होता: मुलाच्या हातात बंदूक येईपर्यंत काय काय घडलेलं असतं?

प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो, हे इथे बघा. या अहवालात गरिबी आणि वंशभेद तर आहेतच, पण वस्तीची रचना, शाळा, नोकरीची वानवा, पोलिसांशी येणारा अपमानाचा अनुभव हेही आहे. उदाहरण शाळेचं घ्या. ऑन्टारिओच्या 2000 सालच्या 'सुरक्षित शाळा' कायद्याने मुलांना निलंबित करणं, काढून टाकणं सोपं झालं. त्याचा फटका कृष्णवर्णीय मुलांना जास्त बसतो, अशा तक्रारी झाल्या. 2007 मध्ये कायदा बदलावा लागला. दिवसभर शाळेबाहेर राहिलेला मुलगा कुठे जाणार, हे वेगळं सांगायला नको. पोलिसांच्या फायलीत मात्र हा मुलगा थेट शेवटच्या पानावरच भेटतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी पोलिसांच्या नोंदींचा तक्ता करून मोठ्या ऐटीत गाइडसमोर ठेवला. मॅडमनी एवढंच विचारलं, "हा तक्ता नेमकं काय मोजतो?" टोरंटोत 'कार्डिंग' चालायचं. म्हणजे कुठल्याही गुन्ह्याचा संशय नसताना माणसाला थांबवायचं आणि नाव, पत्ता, कातडीचा रंग कार्डावर लिहायचा. 2010 मध्ये 'टोरंटो स्टार'ने या कार्डांचा हिशेब मांडला, तेव्हा लोकसंख्येतल्या वाट्याच्या सुमारे तिप्पट कार्डं कृष्णवर्णीयांची निघाली. म्हणजे तो आकडा गुन्ह्यांचा नव्हताच. पोलिसांची नजर कुणावर होती, त्याचा होता. 'वांशिकीकृत तरुण' हा शब्द अभ्यासात वापरतात तो याचसाठी: वंशाची ओळख जन्मापेक्षा अशा नोंदींतून, नजरेतून माणसावर चिकटवली जाते.

आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक पाऊल मागे जा. मे 1992 मध्ये याच यंग स्ट्रीटवर दंगल झाली होती. त्यानंतर स्टीफन लुईस यांनी अहवाल दिला आणि मूळ दुखणं कृष्णवर्णीयांविरुद्धचा वंशभेद आहे, असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे 16 वर्षांच्या अंतराने दोन अहवाल आणि निदान जवळजवळ तेच! 2008 च्या अहवालानंतरही 2018 साली गोळीबारातल्या मृतांची संख्या पुन्हा पन्नाशीपार गेली. त्यामुळे माझ्या मते आजचा खरा संशोधनप्रश्न 'कारणं काय?' हा नाही. 'कारणं माहीत असून उपाय का टिकत नाहीत?' हा आहे.

तुमचा विषय कुठलाही असो, प्रस्ताव लिहिण्याआधी तीन ओळी वहीत लिहा. माझा प्रश्न गोष्टीच्या कुठल्या टप्प्यावर सुरू होतो? माझी साधनं कोणी, कशासाठी तयार केली? हाच प्रश्न आधी कोणी विचारला होता आणि त्या उत्तराचं पुढे काय झालं? तिसरी ओळ लिहिताना हात अडला तर घाबरू नका. मीही तिथेच सहा महिने अडकलो होतो.